तीन समांतर सुया

११ मार्च, मंगळवार

आज दुकान उघडलं. चिंतामणीला जाऊन तेवीस दिवस झाले.

ही डायरी त्याचीच आहे, बँकेने दिलेली. पहिल्या काही पानांवर त्याने फोन नंबर लिहिले आहेत, ती सोडून लिहिते आहे. रोज काहीतरी लिहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काय लिहायचं ते सांगितलं नाही.

दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली. खाली प्रदीपचं चिक्कीचं दुकान. पाटीवर 'रत्नपरीक्षण' एवढंच आहे. लोक खडे आणतात, आम्ही तपासतो आणि काय आहे ते लेखी देतो. विकत नाही, घेत नाही. बावीस वर्षं आम्ही दोघं नवरा-बायको करत होतो.

दुपारपर्यंत आठ खडे झाले. बहुतेक जण चिंतामणीबद्दल बोलायला वर आले, आणि बोलणं संपल्यावर उगीच अवघडून बोटातली अंगठी काढून पुढे केली.

पटवर्धनांचा श्रीयशही आला. लोणावळ्यातच तुंगार्लीला राहतात, त्याचे वडील चिंतामणीचे शाळासोबती. श्रीयशचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. होणाऱ्या बायकोसाठी, अश्लेषासाठी घेतलेली अंगठी दाखवायला आणली होती. सुईच्या यंत्राचं टोक खड्याला टेकवलं, यंत्र वाजलं. टोक गरम असतं. हिरा उष्णता तांब्याच्या पाचपट वेगाने ओढून घेतो, टोक एकदम निवतं, आणि यंत्र वाजतं. याच कारणाने हिरा ओठाला गार लागतो. चिंतामणी प्रत्येक हिरा आधी वरच्या ओठाला लावायचा. मीही लावला. गार लागला की नाही ते कळलं नाही.

गोल, साडेसहा मिलिमीटर. रंग जवळजवळ पांढरा. सवयीप्रमाणे भिंगाखाली धरून रजिस्टरमध्ये आकृती काढली. वरच्या सपाट पैलूखाली तीन बारीक पांढऱ्या सुया, एकमेकींना समांतर, घड्याळात दोन वाजतात त्या दिशेला. दुसरं यंत्र कपाटात आहे, खड्यातून वीज जाते का ते बघणारं. ते चार्ज नव्हतं. उठावंसं वाटलं नाही.

'हिरा' असं लिहून शिक्का मारला.

श्रीयश म्हणाला, "नक्की ना काकू?"

"यंत्र वाजलं," मी म्हटलं.

१२ मार्च

सहा खडे. जेवले नाही, लक्षात राहिलं नाही.

८ एप्रिल

बहिणीचा पुण्याहून फोन. "रडलीस का?" असं विचारते दर वेळी. मी नाही म्हणते. मग मीच तिला काहीतरी विचारते, तिच्या गुडघ्याबद्दल वगैरे.

काम बरं चाललं आहे. एका दिवसात चौदा खडे झाले. आम्ही दोघं मिळून कधी दहाच्या वर गेलो नव्हतो. चिंतामणी प्रत्येक खड्याच्या तीन परीक्षा करायचा. यंत्र, भिंग, पाण्यातलं वजन. तिन्ही जुळल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा त्याचा नियम. फार वेळ जायचा.

२ जून

तव्याला हात लागला. संध्याकाळी फोड दिसला तेव्हा कळलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

जूनमधल्या त्या एका ओळीनंतर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. धुकं, गर्दी, खड्यांची कामं.

आज अश्लेषा आली, सासूबाईंना घेऊन. अंगठी सैल होत होती म्हणून पुण्यात सराफाकडे दिली होती. त्याने सांगितलं, हा हिरा नाही.

मी भिंगातून पाहिलं. खडा तिरका धरला, आणि मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या. एका रेघेच्या दोन. हिऱ्यात तसं कधी होत नाही. हिऱ्यातून प्रकाश एकाच वाटेने जातो. हा मॉयसनाइट आहे, कारखान्यात बनतो. दिसायला हिऱ्यासारखा, किंबहुना त्याहून रंगीत चमकतो. आकृती काढली, रजिस्टरला नोंद केली, तसं सांगितलं.

अश्लेषा म्हणाली, "मग कुणीतरी बदलला. तुमचा कागद आहे ना काकू घरात. मार्चमध्ये हिरा होता."

"कागदावर तसं आहे," मी म्हटलं.

त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग अश्लेषा म्हणाली की कणीक मळताना ती अंगठी काढून ओट्यावरच्या वाटीत ठेवते, आणि ओट्याशी दुसरं कोण असतं, शालनच. शालन औंढे गावातून येते, त्यांच्याकडे अकरा वर्षं कामाला आहे. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कधी भेद केला नाही हो. यांच्या हातचं पाणीसुद्धा पितो आम्ही. आणि हे असं."

पावती केली. ऊन पडलं होतं.

२१ ऑगस्ट

पटवर्धनांच्या तक्रारीवरून चौकीतून हवालदार आले होते. लेखी हवं म्हणाले. दिलं. '११ मार्च रोजी तपासलेला खडा हिरा होता. १९ ऑगस्ट रोजी तपासलेला खडा मॉयसनाइट आहे.' खाली सही.

ते म्हणाले, "मॅडम, एकदम क्लिअर लिहिलंत. असं कुणी देत नाही."

२५ ऑगस्ट, सोमवार

अकराच्या सुमाराला एक मुलगी जिना चढून आली. खांद्याला कॉलेजची सॅक. दारातच उभी राहिली.

"मी शालन ओव्हाळांची मुलगी. यशोधरा."

बस म्हटलं. बसली नाही. म्हणाली, आईला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. घरी दोघे जण आले, तांदळाचा डबा जमिनीवर ओतला, बाबासाहेबांच्या फोटोमागे हात घालून बघितलं. काही सापडलं नाही. आईची पटवर्धनांच्या सोसायटीतली तिन्ही कामं सुटली.

"तुमच्या कागदावरनं झालं सगळं, म्हणून तुम्हाला विचारायला आले. हिरा कुठला आणि दुसरा कुठला, हे तुम्ही कसं ओळखता?"

भांडायला आली असावी असं मला वाटलं होतं. ती विचारायला आली होती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. मी तिला समजावून सांगितलं. नमुन्याचे दोन खडे काढले, एक हिरा, एक मॉयसनाइट. सुईचं यंत्र दोन्हींना लावून दाखवलं, दोन्हींना वाजलं. दोन्ही उष्णता ओढतात, वीज मात्र मॉयसनाइटमधूनच जाते. मग तिच्या हातात भिंग दिलं. नवे लोक धरतात तसं तिने ते लांब धरलं. मी तिचा हात धरून भिंग डोळ्याशी नेलं आणि खडा तिरका केला.

"डबल दिसतंय," ती म्हणाली.

"सरळ वरून पाहिलं तर दिसत नाही. तिरकं करावं लागतं."

"हिऱ्याचा अपवर्तनांक दोन पॉइंट बेचाळीस. दहावीला होता. सगळ्यात जास्त म्हणून पाठ केला होता."

"याचा त्याहून जास्त आहे. आणि दोन आहेत. प्रकाश आत शिरला की फुटून दोन वाटांनी जातो."

ती खडा फिरवत राहिली. मी बोलत होते. कठीणपणाबद्दल सांगितलं, की हिऱ्याला हिराच ओरखडा काढू शकतो, पण नेमक्या दिशेने हातोडी बसली तर त्याचे सरळ दोन तुकडे होतात. तेलाचा हात लागला की तेल कसं धरून ठेवतो. इतकं मी किती महिन्यांत बोलले नव्हते.

मग तिने विचारलं, "मार्चमध्ये तुम्ही असं तिरकं करून पाहिलं होतं का?"

"यंत्र वाजलं होतं."

"यंत्र यालापण वाजतं, आत्ता तुम्हीच दाखवलंत."

मी म्हटलं, "बावीस वर्षं करते आहे मी हे काम."

"हो मॅडम." तिने भिंग टेबलावर नीट ठेवलं. "आई अकरा वर्षं करते आहे."

गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू येत होती तोवर मी उभी होते.

२६ ऑगस्ट

मार्चचं पान बघायला हवं. रजिस्टर खालच्या खणात आहे. उद्या बघेन.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

यंदा आपल्याकडे गणपती नाही. शेजारून मोदक आले. एक खाल्ला.

रजिस्टर पाहिलं नाही. सणाच्या दिवशी कशाला.

३० ऑगस्ट, शनिवार

पाहिलं.

मार्चची आकृती: तीन सुया, समांतर, दोनच्या दिशेला. मधली जराशी आखूड.

ऑगस्टची आकृती: तीन सुया, समांतर, दोनच्या दिशेला. मधली जराशी आखूड.

दोन वेगळ्या खड्यांत असं असू शकत नाही. खडा बनतानाच सुया आत राहतात, माणसाच्या अंगावरच्या तिळासारख्या. बरं, अशा समांतर सुया ही मॉयसनाइटचीच खूण आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ती शिकवतात, मी स्वतः शिकवली आहे. मार्चमध्ये मी ती स्वतःच्या हाताने काढली आणि खाली 'हिरा' लिहिलं.

म्हणजे खडा कुणीही बदललेला नाही. अंगठीत पहिल्यापासून हाच खडा होता.

हे कळल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. मग घरी येऊन भात लावला.

३१ ऑगस्ट

खरं ते लिहिते. रजिस्टर माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. आकृत्या कुणाला कळत नाहीत. पान सैल आहे, शिवण उसवली आहे. दुपारभर मी त्या पानाकडे बघत होते.

फाडलं नाही. फाडायचं नाही असं ठरवलं, असंही नाही. पाच वाजले म्हणून उठले.

१ सप्टेंबर, सोमवार

श्रीयशला फोन करून बोलावलं. दोन्ही पानं समोर ठेवली. त्याला सुया दिसल्या, पण त्या पाहून तो दचकला नाही.

"काकू, मला तेव्हाच शंका होती," तो म्हणाला. "ओळखीतून घेतली होती, बिल नव्हतं. म्हणून तर तुमच्याकडे आणली."

"मग अश्लेषाला तसं का नाही सांगितलंस?"

"तुमचा कागद होता ना."

"शालनबाईला चौकीत बसवलं तेव्हा?"

तो मोबाइल उलटा-सुलटा करत राहिला. "मी काय बोलणार तेव्हा? चार महिने झाले लग्नाला. अश्लेषाला काय सांगू? आम्ही तक्रार मागे घेतो काकू. विषय संपला. शालनला आई दुसरीकडे कुठेतरी बघून देईल काम. तुमचंही नाव खराब व्हायला नको. बाबा म्हणतात, चिंतामणीकाकांनी आयुष्य घातलं त्या पाटीत."

मला ते बरं वाटलं, हे नोंदवून ठेवते. तक्रार मागे, कुणी कुणाला काही बोलायचं नाही. मी म्हटलं, बघू.

तो गेल्यावर नंदाबाई जिना झाडायला आली. ती सकाळची त्याच सोसायटीत दोन घरं करते. तिला विचारलं, तिकडे काय चाललंय.

"काय चालायचंय ताई. आमच्या समद्यांच्या पिशव्या बघत्यात आता गेटावर, जाताना. त्या दिवशी शालनची तर उलटीच केली, डबा, पदर, समदं. वाचमन बघतोय, डायवर बघत्यात. शालन न्हाई घेणार वो, मला म्हाईत हाय. पन आता कोन ठेवनार तिला? तक्रार मागं घेतली तरी लोक म्हननार, दया केली."

केर सुपात भरून ती खाली गेली.

२ सप्टेंबर

रजिस्टर घेऊन चौकीत गेले. हवालदार नव्हते, दीड तास बाकावर बसले. बाक अरुंद आहे, पाठीला भिंतीचा गारवा लागतो. समोर घड्याळ आहे, ते बंद आहे. दोन दिवस इथे बसायचं म्हणजे किती वेळ असेल त्याचा हिशेब डोक्यात केला. अठरा तास.

हवालदार आल्यावर सांगितलं.

"म्हणजे चोरी झालीच नाही?"

"नाही."

"मग आधी तुम्ही सहीनिशी दिलंत ते काय होतं मॅडम?"

"चूक होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नवा कागद काढून दिला.

३ सप्टेंबर

पटवर्धनांकडे गेले. श्रीयश ऑफिसला गेला होता. दोघींना सगळं सांगितलं, सुया दाखवल्या.

अश्लेषाने विचारलं, "श्रीयशला माहीत होतं?"

"शंका होती म्हणाला. मी त्याला हिरा म्हणून लिहून दिलं."

तिने अंगठी काढली, तळहातावर ठेवली, आणि परत घातली नाही.

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही कुठल्या दुःखात होतात, आम्हाला कळत नाही का? होतं असं माणसाकडून. मनाला लावून घेऊ नका." चहा दिला. एका मिनिटात मला माफ करून झालं. शालनबाईचं नाव कुणी काढलं नाही, म्हणून मीच काढलं. सासूबाई म्हणाल्या, "हो, तिला कळवू. पण आता नवीन बाई ठेवलीय आम्ही."

चहा मी प्यायले.

४ सप्टेंबर, गुरुवार

सहा आसनी रिक्षाने औंढ्याला गेले. भात गुडघ्याएवढा झाला आहे. शाळेपाशी विचारलं तर एका बाईने घर दाखवलं.

शालनबाईचे यजमान हनुमंतराव ओट्यावर बसले होते. त्यांनी खुर्ची दिली, तांब्याभर पाणी आणून ठेवलं. शालनबाई घरात नव्हती. सध्या ती लोहगडवाडीला एका टपरीवर कांदे कापायला, भजी तळायला जाते. चारच्या पुढे आली. अंगाला तेलाचा वास, बोटं कांद्याने पिवळी पडलेली. यशोधरा मागोमाग कॉलेजातून आली. मला बघून दोघी उंबऱ्याशी थांबल्या.

मी उभी राहिले. येताना रिक्षात जी वाक्यं जुळवली होती ती बोलले. खडा पहिल्यापासून तोच होता, तपासणीत गफलत झाली, यंत्र फसलं.

शालनबाईने पदराला हात पुसले. "म्हंजे मशीन चुकलं?"

"हो. म्हणजे..."

"मशीन चुकलं का तुमी चुकला?"

यशोधरा माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हटलं. "दुसरं यंत्र कपाटात होतं. मी उठले नाही. भिंगात दिसत होतं, ते मी काढलंसुद्धा. पण पाहिलं नाही."

"का?"

चिंतामणी गेला म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते पटवर्धनांकडे म्हणून झालं होतं, आणि त्याचा चहा मिळाला होता.

चौकीत दिलेल्या जबाबाची एक प्रत आणली होती, ती पुढे केली. यशोधराने घेऊन मोठ्याने वाचली. "'सबब सदर मोलकरणीचा या प्रकरणी कोणताही दोष नाही.'"

"सदर कोन?" शालनबाईने विचारलं.

"तू, आई."

"मग माजं नाव न्हाई का त्याच्यात?"

यशोधराने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "नाही."

"पिशवी उलटी केली तवा नाव घेतलं समद्यांनी. शालन, शालन. आन् आता सदर." तिचा आवाज चढला नव्हता. "कागुद नवा लिवा. माजं नाव घाला, पुरं. शालन हनुमंत ओव्हाळ. आन् तुमचं बी पुरं घाला. आन् हितं आनून देऊ नका. जितं माजी पिशवी उलटी केली तितं यायचं, गेटावर, आन् समद्या बायांम्होरं वाचायचं. मी हुबी राहीन."

हनुमंतराव म्हणाले, "अगं जाऊ दे की. हितवर आल्यात त्या."

"तुमी गप बसा. तुमाला न्हवतं बसवलं तितं."

मी म्हटलं, येईन. रविवारी सगळे घरी असतात, रविवारी.

निघताना तांब्यातलं पाणी प्यायले. यशोधरा रिक्षापर्यंत आली. रिक्षा सुटताना म्हणाली, "साडेअकराला या मॅडम. कामाच्या बाया तेव्हा सुटतात."

५ सप्टेंबर

दुसरं यंत्र चार्जिंगला लावलं. मार्च ते ऑगस्ट रजिस्टरमध्ये दोनशे बारा गिऱ्हाइकांची नावं आहेत. त्या सगळ्यांना फोन करून खडे परत मागवायचे आणि तीनही परीक्षा करायच्या. आज एकोणीस फोन झाले. काही जण चिडले. एक आजोबा म्हणाले, पोवळं समुद्रात सोडलं हो मी गेल्या महिन्यात.

मग पत्र लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात 'तपासणीत त्रुटी राहून गेली' असं झालं. दुसऱ्यात 'अनवधानाने'. तिसऱ्यात 'वैयक्तिक परिस्थितीमुळे'. तिन्ही वेळा वाक्य बरोबर होतं आणि त्यात मी नव्हते. चौथ्यांदा लिहिलं, 'मी तपासलं नाही.' मराठीतली पाचवीच्या मुलाची वाक्यं. एका पानात संपलं.

६ सप्टेंबर

अश्लेषाचा फोन. उद्या मी गेटावर येणार आहे ना, असं तिने विचारलं. ती म्हणाली, तिची सासू येणार नाही. "मी येईन," म्हणाली. श्रीयशबद्दल मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

सत्तावीस फोन झाले.

७ सप्टेंबर, रविवार

साडेअकराला सोसायटीच्या गेटावर पोचले. शालनबाई आधीच आली होती, इस्त्रीची निळी साडी नेसून, हातात तीच पिशवी. यशोधरा बाजूला. कामाच्या सातआठ बाया सुटून आल्या होत्या, त्या घोळक्याने थांबल्या. सोसायटीतल्या चारपाच जणी बाल्कनीत, दोघी खाली उतरून आल्या. अश्लेषा एकटी एका गाडीला टेकून उभी होती. वॉचमनने खुर्ची आणली माझ्यासाठी. नको म्हटलं.

मी कागद उघडला आणि वाचला.

"मी अरुंधती चिंतामणी केळकर, राहणार लोणावळा. अकरा मार्चला श्रीयश पटवर्धन यांच्या अंगठीतला खडा मी तपासायला घेतला. तो हिरा नव्हता. मी तपासलं नाही आणि हिरा असं लिहून दिलं. त्या कागदामुळे शालन हनुमंत ओव्हाळ, राहणार औंढे, यांच्यावर चोरीचा आळ आला. त्यांना दोन दिवस चौकीत बसवलं, त्यांच्या घराची झडती झाली, इथे या गेटावर त्यांची पिशवी उलटी केली, आणि त्यांची कामं गेली. चोरी झालीच नव्हती. शालन हनुमंत ओव्हाळ यांनी काहीही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं."

एवढंच होतं. अर्धं मिनिट लागलं असेल. बाल्कनीतली एक बाई आत गेली. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही, म्हणजे काय होईल असं वाटलं होतं तेही आता आठवत नाही. मी कागदाची घडी घातली आणि शालनबाईपुढे धरली.

तिने घेतला नाही. ती माझ्या मागे बघत होती. नंदाबाई 'ब' इमारतीतून लगबगीने येत होती, खोचलेला पदर सोडत.

"नंदाबाई आत्ता आली," शालनबाई म्हणाली. "तिनं न्हाई ऐकलं. परत वाचा."

मी घडी उलगडली.

पहिल्या वेळी मी अक्षरं बघून वाचत होते. या वेळी माझा आवाज मला ऐकू यायला लागला. 'मी तपासलं नाही' इथे तो अडकला, आणि पुढचं वाक्य कागदावर दिसेना. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून. सगळ्या थांबल्या होत्या. यशोधरा पुढे व्हायला निघाली तसा शालनबाईने तिचा दंड धरला.

"वाचतील त्या," ती म्हणाली. "घाई न्हाई."

मी पदराने डोळे पुसले आणि तिचं पूर्ण नाव वाचलं.